शीटवर नाव कोणाचं? (गंगाराम तांबटाची गोष्ट)

आधीच सांगून टाकते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. आमच्या शाळेत मराठी म्हणजे थर्ड लँग्वेज, आठवड्यातून चार तास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादक मंडळाला दोष देऊ नका. पण ही गोष्ट मराठीतच लिहायची असं मी ठरवलं होतं. का, ते शेवटी सांगते.

मागच्या वर्षी आमची ट्रिप वेरूळला गेली होती. जालन्यापासून नव्वदएक किलोमीटर. गाडीत अंताक्षरी, वेफर्स, मागच्या सीटवर उलट्या, सगळं झालं. कैलास लेणं बघून सगळे दमले होते. दहाव्या लेण्यात शिरलो आणि आमचे वर्कशॉपचे सर एकदम थांबले आणि त्यांनी हात जोडले. आत स्तूप आहे, बुद्धाची मूर्ती आहे, पण सर सांगायला लागले की या लेण्याला पूर्वीपासून लोक विश्वकर्मा म्हणतात, सुतार की झोपडी म्हणतात. वर बघा. छताला लाकडी घराला असतात तशा कमानदार फासळ्या आहेत, आणि त्या सगळ्या दगडात कोरलेल्या! म्हणून सुतार, लोहार, तांबट असे कारागीर इथे येऊन बुद्धालाच विश्वकर्मा समजून नमस्कार करत आले. मग सर म्हणाले की सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याचा एक तांबट इथे कागद-पेन घेऊन आला होता. त्याचं नाव गंगाराम. लेण्यांची चित्रं त्याने काढली, आणि पुढे लंडनला वेरूळचं मोठं पुस्तक निघालं तेव्हा त्यावर नावं मात्र दुसऱ्यांची आली.

मागून कोणीतरी ओरडलं की म्हणजे सर, जीटीच की! सगळे हसले. (स्टाफपैकी कोणाला माहीत नसेल तर: जीटी म्हणजे ग्लास ट्रेस. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची शीट ठेवायची, तिच्यावर आपला कोरा कागद ठेवायचा आणि गिरवायचं. स्टाफला माहीत आहे, हे मला माहीत आहे.) मी आणि माझी रूममेट, आम्ही दोघी मात्र हसलो नाही.

परत आल्यावर मी या गंगारामाला शोधायला लागले. जे सापडलं ते इथे सांगते.

त्याचं पूर्ण नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे, तिथे आजही तांब्या-पितळेची भांडी ठोकतात. भांड्याला ठोक्यांनी जी नक्षी येते तिला मठारकाम म्हणतात. एक ठोका चुकला तर चकाकत्या तांब्यावर तो लगेच दिसतो, रबर घेऊन पुसता येत नाही. गंगाराम ज्या जातीत, ज्या धंद्यात जन्मला तिथे हाताला अशी शिस्त लहानपणापासूनच लागत असणार.

तो काळ सवाई माधवराव पेशव्यांचा, म्हणजे खरं तर नाना फडणवीसांचा. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट पुण्याला आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहिला. राजकारण हे त्याचं काम होतं. 1790 मध्ये टिपूविरुद्ध मराठे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला तो त्यानेच घडवून आणला. पण या माणसाला इथल्या देवळांचं, लेण्यांचं, जनावरांचं, सगळ्याचं कुतूहल होतं. तेव्हा कॅमेरा नव्हता. कुतूहल असलं तर चित्रकार ठेवावा लागायचा. मॅलेटने ठेवला तो हा तांबट.

गंगारामाचं एक चित्र मी नेटवर पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा! साल 1790, महिना नोव्हेंबर. जाड कातडीच्या घड्या, छोटासा डोळा, जमिनीवर टेकलेलं सगळं वजन. चित्र बघूनच वाटतं की हा माणूस गेंड्यासमोर बसला होता.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेंड्याचं दुसरं एक जुनं चित्र मला आठवीपासून माहीत होतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत युरोपियन कलेचं जाडजूड पुस्तक होतं, त्यात आल्ब्रेख्त ड्यूररचा गेंडा होता. तो 1515 चा. गंमत म्हणजे तो गेंडासुद्धा आपल्याच बाजूचा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिला, गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. ड्यूरर बसला होता जर्मनीत, न्यूरेम्बर्गला. त्याने गेंडा कधी पाहिलाच नाही. कोणीतरी पाठवलेलं वर्णन आणि स्केच यांवरून त्याने चित्र केलं, लाकडी ठशावरून छापलं, आणि गेंड्याच्या पाठीवर एक जास्तीचं शिंग लावून दिलं! पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातली पुस्तकं तेच शिंग कॉपी करत बसली. ज्याने पाहिला नाही त्याचा गेंडा जगभर गेला, आणि ज्याने समोर बसून काढला त्याचा गेंडा फायलीत राहिला. असं का झालं? कारण पहिला छापला गेला, दुसरा नाही.

म्हणून छापणं म्हणजे तेव्हा काय होतं ते आधी सांगते. आपल्या मेकॅनिकलवाल्यांना आवडेल.

तांब्याची प्लेट घ्यायची आणि आरशासारखी घासायची. बुरिन नावाची पोलादी कोरणी असते, तिची गोल मूठ तळहातात धरायची आणि टोक पुढे ढकलायचं, नांगरासारखं. रेघेला वळण द्यायचं असेल तर हात वळवायचा नाही. प्लेट वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवलेली असते, ती प्लेटच फिरवायची. व्ही आकाराची चर पडते. जास्त दाबलं तर चर खोल, रेघ जाड. चरीच्या कडेला बर उठतो (फाइलिंगच्या जॉबला येतो तसाच), तो खरवडून काढायचा. मग प्लेटवर शाई चोळायची आणि वरून पुसून टाकायची. शाई फक्त चरांत उरते. वर ओलसर कागद ठेवून दोन रोलरमधून दाबून काढला की कागद चरांत शिरतो आणि शाई उचलतो. चित्र उलटं छापलं जातं, म्हणून कोरताना उजवं ते डावं करायचं. आणि यात राखाडी रंग नसतोच! फक्त रेघ. सावली दाखवायची तर रेघा जवळजवळ, जास्त सावली तर त्यांच्यावर आडव्या रेघा. आपण सेक्शनला हॅचिंग करतो ना, त्याच घराण्यातलं काम.

अशा प्लेटांवर युरोपात दोन गोष्टी फार गाजल्या. एक म्हणजे इमारती. रोमला कधीही न गेलेल्या लोकांनी पिरानेसीची छापील चित्रं बघून रोम पाहिलं. दुसरी म्हणजे रूपकाची चित्रं, ज्यात एखादी कल्पना माणसाच्या रूपात बसवतात. ड्यूररचंच 1514 चं एक आहे, मेलेन्कोलिया. त्यात पंख असलेली एक बाई गालाला हात लावून बसली आहे, हातात कंपास, पायाशी करवत, रंधा, पट्टी, खिळे. सगळी हत्यारं आहेत आणि काम सुचत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्रीचं आमचं हॉस्टेलच जणू!

हा ड्यूरर सोनाराचा मुलगा. धातू कोरणं घरातच शिकला, तिथून चित्रकार झाला. म्हणजे तो न्यूरेम्बर्गचा आणि गंगाराम पुण्याचा, दोघेही धातूच्या ठोक्यातून आलेले. फरक एकच. ड्यूरर प्रत्येक चित्रावर ए आणि डी ही आपली अक्षरं टाकायचा, आणि 1512 मध्ये एक माणूस न्यूरेम्बर्गमध्ये त्या अक्षरांची खोटी चित्रं विकताना सापडला तेव्हा नगरसभेने ती अक्षरं काढून टाकायला लावली. चित्राची नक्कल विकली तर चालेल, नाव चोरलेलं चालणार नाही! पाचशे वर्षांपूर्वी एका गावाला हे कळलं होतं.

आता परत वेरूळ. मॅलेट 1794 मध्ये स्वतः वेरूळला गेला. त्याने लेण्यांची फुटांत मापं दिली, लोकांकडून ऐकलेल्या कथा लिहिल्या. त्याचा तो लेख कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथाच्या सहाव्या खंडात 1799 मध्ये छापून आला, आणि लेखाबरोबरची चित्रं गंगारामाच्या रेखाटनांवरून केलेली होती. जरा विचार करा. लेण्यात अंधार. एकीकडून उन्हाची तिरीप. खांबांची रांग मागे मागे जाते. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत लांबची वस्तू लहान काढायची अशी सक्ती नव्हती, आणि साहेबाला तर पर्स्पेक्टिव्ह पाहिजे. गंगारामाने दोन्हींची सांगड घातली. त्याची रेघ बारीक, स्वच्छ, कोरल्यासारखी आहे. मूर्तीच्या हातात काय आहे, आसन कसं आहे, हे त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. साहेबाला जी अनोळखी शिल्पं होती ती त्याच्या घरातल्या देव्हाऱ्यातल्या देवांची होती.

याच सुमारास जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार आला. 1791 मध्ये मुंबईला, पुढच्या वर्षी पुण्याला. आपण इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीसांचं जे चित्र पाहतो त्याचं मूळ वेल्सचं. शनिवारवाड्यात चित्रं शिकवायची शाळा निघाली असं पुण्याच्या इतिहासात सांगतात, त्यातही मॅलेट, वेल्स आणि गंगाराम ही नावं बरोबरच येतात. वेल्सने मनात घेतलं होतं की पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांचं मोठं चित्रांचं पुस्तक काढायचं. त्याने गंगारामाला आपल्या कामात घेतलं. लेण्यांचं काम आधीच केलेला माणूस आयता मिळाला होता!

मग 1795 साल आलं. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. वय फक्त एकवीस, म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने मोठे. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, वेल्स तापाने गेला. पुण्यात गादीसाठी भांडणं सुरू झाली. 1797 मध्ये मॅलेटने पुणे सोडलं आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडला निघून गेला. त्याच्याबरोबर चित्रांचे गठ्ठेही गेले. 1799 मध्ये त्याने वेल्सच्या मुलीशी लग्न केलं. त्यामुळे वेल्सची अर्धवट राहिलेली कामं पुरी करणं हे आता घरचंच काम झालं.

ते काम त्याने थॉमस डॅनियल या नामांकित चित्रकाराला दिलं. डॅनियल ॲक्वाटिंट पद्धतीने काम करायचा. प्लेटवर राळेची पूड बसवून ती तापवायची आणि मग ॲसिड द्यायचं. पुडीच्या कणांच्या मधूनमधून तांबं खाल्लं जातं आणि रेघेशिवाय सावली मिळते, जलरंगासारखी. वेरूळच्या अंधाराला ही पद्धत अगदी चपखल. 1803 मध्ये लंडनला वेरूळच्या चोवीस चित्रांचा मोठा ग्रंथ निघाला. वरच्या पानावर लिहिलं होतं की ही चित्रं जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली कोरली. कैलास आहे, आमचं विश्वकर्म्याचं लेणंही आहे. गंगाराम त्या पानावर नाही.

इथे मला सरांशी थोडं भांडायचं आहे. ही सरळसरळ जीटी नव्हती. वेल्सने स्वतः वेरूळला बसून चित्रं काढली होती, तो चांगला चित्रकार होता आणि त्याला आपलं पुस्तक बघायलाही मिळालं नाही. डॅनियलची मेहनत खरी होती. कोणी कोणाचा कागद काचेवर ठेवला नाही. पण छापील चित्राखाली डाव्या बाजूला चित्र काढणाऱ्याचं आणि उजव्या बाजूला कोरणाऱ्याचं नाव टाकायची तिकडे जुनी पद्धत होती. दोनच जागा. ज्याने वाट दाखवली, आधी येऊन रेघा मारल्या, मूर्ती ओळखून दिल्या, त्याला त्या पद्धतीत तिसरी जागाच नव्हती. मला वाटतं, चोरीपेक्षा हे जास्त वाईट आहे. चोरी पकडता तरी येते.

आणि 1803 म्हणजे कोणतं वर्ष, आठवतं का? त्याच वर्षी 23 सप्टेंबरला आपल्या भोकरदन तालुक्यात असईची लढाई झाली. शिंदे-भोसल्यांची फौज हरली. इकडे जमीन जात होती आणि तिकडे लंडनमध्ये इकडच्याच लेण्यांची चित्रं विकली जात होती.

पण कला मेली नाही. तांब्यावर अक्षरं कोरणं आपल्याला काही नवीन नव्हतं, राजे लोक ताम्रपट देतच आले होते. फक्त त्या चरांत शाई भरून कागद दाबावा असं कोणाला सुचलं नव्हतं. आता ते कळलं होतं. पुण्याच्याच एका तांबटाच्या हातून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरवली गेली आणि 1805 मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाखाली ती छापून निघाली. महाराष्ट्रात देवनागरीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ती एक. म्हणजे मॅलेट गेला, वेल्स गेला, पेशवाई मोडकळीला आली, तरी कोरणी तांबट आळीतल्या हातात राहिली.

ताम्रपटावरून आठवलं. कैलास लेणं कोणी केलं याचा पुरावा बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात आहे, इसवी सन 812 च्या आसपासचा. कृष्णराजाने हे देऊळ करवलं, आणि ते पुरं झाल्यावर करणाऱ्या शिल्पीलाच नवल वाटलं की हे माझ्या हातून कसं झालं, असं त्यात आहे. राजाचं नाव आहे. शिल्पीचं नवल आहे. शिल्पीचं नाव नाही! ज्या तांबटाने तो पत्रा कोरला, त्याला कोरताना काय वाटलं असेल?

गंगाराम त्या मानाने नशीबवान. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत आणि नावासकट आहेत, कारण त्या गठ्ठ्यांत त्याचं नाव लिहिलेलं राहिलं. कलेच्या इतिहासात त्याच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं लिहीत नाहीत, नुसता काम केल्याचा काळ लिहितात. मला वाटतं, कारागिराला हे शोभतं. जन्मला कधी, गेला कधी, ते राहू द्या. काम कधी केलं?

आता माझ्या शेवटच्या गोष्टीवर येते.

फर्स्ट इयरला माझ्या ड्रॉइंगच्या सगळ्या शीट माझ्या रूममेटच्या होत्या. ती अंबड तालुक्यातली, मराठी मीडियमची. तिची लाइन तुम्ही बघायला पाहिजे, एच पेन्सिल आणि टू-एच पेन्सिलमधला फरक तिच्या शीटवर लांबून कळतो. मी रात्री तिच्या शीट काचेवर ठेवायचे आणि ती बाजूला बसून मला लॅम्प धरायची. व्हायव्हाला मी इंग्लिशमध्ये फटाफट उत्तरं दिली. तिला सगळं येत होतं, पण बाहेरच्या परीक्षकांनी इंग्लिशमध्ये विचारलं की तिची जीभच उचलेना. मार्क लागले तेव्हा मला तिच्यापेक्षा जास्त होते. तिच्याच शीटवर! ती म्हणाली, जाऊ दे गं. मी पण जाऊ दिलं.

वेरूळच्या त्या लेण्यात सगळे हसले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की जाऊ द्यायला नको होतं. मी माझ्या गुणपत्रिकेत आता काही बदलू शकत नाही. पण ट्रिपहून आल्यावर मी एक कोरी शीट घेतली आणि वेरूळच्या दहाव्या लेण्याचं सेक्शन काढायला बसले, काच न घेता. फासळ्यांच्या कमानी जमत नव्हत्या. तिसऱ्या रात्री रूममेटने कंपास कुठे टेकवायचा ते दाखवलं. शीट काही फार चांगली नाही, उजवीकडची कमान थोडी बसकी झाली आहे. ती आमच्या रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे. खाली टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉन बाय आणि चेक्ड बाय अशा दोनच चौकटी असतात. मी पट्टीने तिसरी आखली आणि त्यात तिचं नाव लिहिलं.

आणि हा लेख मराठीत का? कारण तिने वाचावा म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ तीच तपासून देणार आहे, म्हणजे या लेखाखालीसुद्धा तिसरी चौकट आखावी लागेल.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी